पायथॉनमधून सी लायब्ररी बोलावताना: सीआरसी उणे येतो, पॉइंटरवर प्रोग्रॅम कोसळतो

शून्यापासून

उबुंटू ६४ बिट, पायथॉन ३.१२. कंपाइल केलेल्या लायब्ररीतली फंक्शन्स सीटाइप्स मोड्यूलमधून बोलवायला शिकतो आहे. तीन ठिकाणी अडलंय.

१. सरावासाठी झेडलिब (माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी) घेतली, ती यंत्रावर आधीपासून असते. सीटाइप्सच्या सीडीएलएलला 'लिबझेड.एसओ.१' हे नाव दिलं, लायब्ररी उघडली. तिच्या सीआरसी३२ या, बाइट्सवरून तपासणीचा आकडा काढणाऱ्या फंक्शनला सुरुवातीची किंमत ०, मग एक ते नऊ हे इंग्रजी आकडे ओळीने असलेले बाइट्स आणि लांबी ९ असं पाठवलं. उत्तर आलं -८७३१८७०३४. पायथॉनचं स्वतःचं झेडलिब मोड्यूल त्याच बाइट्सना ३४२१७८०२६२ देतं.

२. एक छोटी लायब्ररी स्वतः लिहिली. पहिलं फंक्शन मॅलॉकने मेमरी घेऊन स्ट्रक्चर तयार करतं आणि त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देतं, दुसरं तो पॉइंटर घेऊन आतली किंमत वाचतं. सीच्या मेनमधून व्यवस्थित चालतं, पायथॉनमधून 'सेगमेंटेशन फॉल्ट'. पहिल्या फंक्शनच्या रेसटाइपला (परताव्याचा प्रकार) सी_व्हॉइड_पी दिलं, तरी दुसऱ्यापाशी कोसळतंच.

३. सीच्या स्ट्रलेनला 'नमस्ते' दिलं की लांबी २ येते. ६ किंवा १८ आली असती तर समजू शकलो असतो. २ कुठून येते?

अर्धविराम

तिन्हींचं मूळ एकच आहे. कंपाइल झालेल्या .एसओ फाइलमध्ये फंक्शनचं नाव असतं आणि त्याचा यंत्रसंकेत असतो. ते किती आणि कोणत्या प्रकारचे आर्ग्युमेंट घेतं, काय परत देतं, यातलं काहीही सीटाइप्सला त्या फाइलमधून कळत नाही. ही माहिती हेडर फाइलमध्ये असते आणि सीटाइप्स हेडर वाचत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर ते गृहीत धरतं की फंक्शन साधा इंट परत देतं, म्हणजे चिन्हासहित ३२ बिट.

आता सीआरसीचा आकडा बघा. -८७३१८७०३४ मध्ये ४२९४९६७२९६, म्हणजे २ चा ३२ वा घात, मिळवा. बरोबर ३४२१७८०२६२ येतात. सगळे बिट योग्यच आले होते, फक्त वरचा बिट चिन्ह म्हणून वाचला गेला. झेडलिबच्या हेडरमध्ये सीआरसी३२ चा परतावा अनसाइन्ड लाँग आहे. म्हणून त्या फंक्शनच्या रेसटाइपला सी_युलाँग द्या आणि आर्गटाइप्सला (आर्ग्युमेंटचे प्रकार) क्रमाने सी_युलाँग, सी_चार_पी, सी_युइंट अशी यादी द्या. ३४२१७८०२६२ हा या सीआरसीसाठी जगभर वापरला जाणारा तपासणीचा आकडा आहे, त्यामुळे सरावाला हे उदाहरण उत्तम निवडलंत.

लाँगबद्दल एक सावधगिरी. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा असतो, ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा. हेडरमध्ये लाँग असेल तर सी_लाँगच लिहा, तो त्या त्या यंत्राप्रमाणे बदलतो. 'माझ्या यंत्रावर ८ बाइट आहे' म्हणून सी_इंट६४ लिहिलंत तर तो कोड विंडोजवर चुकेल.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण तिथे अर्धी दुरुस्ती करून लोक हैराण होतात. पॉइंटर ६४ बिटांचा. रेसटाइप दिला नाही तर त्याचे खालचे ३२ बिट तेवढे हाती येतात, वरचे जातात. तुम्ही सी_व्हॉइड_पी दिलंत, त्यामुळे पत्ता आता पूर्ण येतो. पण तो पायथॉनचा साधा पूर्णांक म्हणून येतो. तोच पूर्णांक तुम्ही दुसऱ्या फंक्शनला दिलात आणि त्या फंक्शनचे आर्गटाइप्स रिकामे होते. साधा पूर्णांक दिसला की सीटाइप्स तो इंट म्हणूनच पाठवतं. म्हणजे येताना वाचलेला पत्ता जाताना कापला गेला. लिनक्सवर हे गुपचूप होतं. विंडोजवर याच जागी बहुधा 'इंट टू लाँग टू कन्व्हर्ट' अशी तक्रार तरी येते.

उपाय: दुसऱ्या फंक्शनच्या आर्गटाइप्समध्येही सी_व्हॉइड_पी लिहा. त्याहून चांगलं म्हणजे सीटाइप्सच्या स्ट्रक्चरवरून एक रिकामा क्लास करा, त्यात एकही फील्ड नको, आणि दोन्हीकडे त्या क्लासचा पॉइंटर हा प्रकार द्या. मग चुकून दुसऱ्याच जातीचा पॉइंटर दिला गेला तर कोसळण्याआधीच आर्ग्युमेंटएरर मिळतो. मॅलॉक अपयशी ठरून नल, म्हणजे रिकामा पत्ता, आला तर सी_व्हॉइड_पीच्या बाबतीत पायथॉनला नन मिळतो. तो तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दशांश संख्यांची तऱ्हा आणखी वेगळी. लिबएम या गणिताच्या लायब्ररीतल्या स्क्वेअररूटला थेट २.० दिलं तर सीटाइप्स नकारच देतं, कारण न सांगता फ्लोट कसा पाठवायचा हे त्याला माहीत नसतं. सी_डबलमध्ये गुंडाळून दिलं तर तक्रार थांबते, पण उत्तर निरर्थक येतं. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर डबल परत येतो एक्सएमएम० या रजिस्टरात आणि इंट परत येतो ईएएक्समध्ये. सीटाइप्स ईएएक्स वाचतं, तिथे जे पडलेलं असेल ते. रेसटाइप सी_डबल केला की १.४१४२१३५६… येतं.

त्यामुळे नियम एवढाच ठेवा: लायब्ररी उघडल्याबरोबर, एकही फंक्शन बोलवायच्या आधी, वापरणार असलेल्या प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स आणि रेसटाइप हेडर समोर ठेवून लिहून काढायचे. फंक्शन व्हॉइड असेल तर रेसटाइप नन. 'हे इंटच तर आहे' म्हणून कुठलंही सोडू नका.

शाईदौत

तिसऱ्या प्रश्नातल्या २ चा हिशोब.

आर्गटाइप्स नसताना पायथॉनची स्ट्रिंग दिली की सीटाइप्स ती रुंद अक्षरांची ओळ म्हणून पाठवतं. लिनक्सवर असं एक अक्षर ४ बाइटचं. 'न' चा युनिकोड क्रमांक हेक्समध्ये ०९२८, तो मेमरीत उलट क्रमाने बसतो: २८, ०९, ००, ००. स्ट्रलेन पहिल्या शून्य बाइटपर्यंत मोजतं, म्हणून २. विंडोजवर तेच अक्षर २ बाइटचं, मध्ये कुठे शून्य येत नाही, म्हणून तिथे 'नमस्ते'साठी १२ येतील. इंग्रजी शब्द दिलात तर लिनक्स असो वा विंडोज, लांबी १.

योग्य रीत: स्ट्रिंगवर एनकोड करून यूटीएफ-८ बाइट्स पाठवा. 'नमस्ते' म्हणजे न, म, स, हलन्त, त, एकाराची मात्रा असे ६ क्रमांक, प्रत्येकाचे ३ बाइट, एकूण १८. आर्गटाइप्समध्ये सी_चार_पी लिहिलेलं असेल तर एनकोड न केलेली स्ट्रिंग गेल्यावर लगेच चूक दाखवली जाते.

मजकुराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी, कारण तुम्ही पुढे तिथेच जाणार.

फंक्शन तुम्ही दिलेल्या जागेत लिहिणार असेल तर बाइट्स देऊ नका. पायथॉनचे बाइट्स बदलायचे नसतात, सी मात्र खुशाल बदलतं आणि नंतर भलतीकडेच काहीतरी बिघडतं. क्रिएट_स्ट्रिंग_बफरने जागा करून द्या. 'नमस्ते'ला शेवटच्या शून्यासह १९ बाइट लागतील. मराठीसाठी बफर मोजताना दिसणारी अक्षरं मोजायची नाहीत.

दुसरं, लायब्ररी स्वतः मॅलॉक करून मजकूर परत देत असेल आणि तो मोकळा करणं तुमच्याकडे असेल, तर रेसटाइप सी_चार_पी ठेवू नका. सीटाइप्स त्यातून लगेच बाइट्सची प्रत करून देतं आणि मूळ पत्ता हरवतो, मग मोकळं काय करणार? रेसटाइप सी_व्हॉइड_पी ठेवा, स्ट्रिंग_ॲट वापरून मजकूर वाचा, मग पत्ता परत द्या. परत द्यायचा तो त्याच लायब्ररीच्या मोकळं करणाऱ्या फंक्शनला. विंडोजवर प्रत्येक डीएलएल (तिथली .एसओसारखी लायब्ररी फाइल) वेगळ्या सी रनटाइमला जोडलेली असू शकते, एकीने घेतलेली मेमरी दुसरीच्या फ्रीला दिली की हीप बिघडतो. तुमच्या लायब्ररीत असं मोकळं करणारं फंक्शन नसेल तर आताच लिहा.

शून्यापासून

तिन्ही सुटले, आभार. आता दोन नवे.

तीच लायब्ररी मिंगडब्ल्यूने (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) कंपाइल करून विंडोजवर नेली. डीएलएल स्क्रिप्टशेजारीच आहे, तरी 'कुड नॉट फाइंड मोड्यूल'. शिवाय लायब्ररीचा एक भाग सी++ मध्ये नेला, तर लिनक्सवर फाइल उघडते पण 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' येतं.

बिटपालट

विंडोजचा संदेश पूर्ण वाचा. कंसात 'किंवा तिच्या अवलंबित फाइलींपैकी एखादी' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा खरं कारण तेच असतं. तुमची डीएलएल सापडते, पण मिंगडब्ल्यूने तिला आपल्या रनटाइमच्या डीएलएल जोडलेल्या असतात, त्या सापडत नाहीत. पायथॉन ३.८ पासून अवलंबित डीएलएल शोधताना पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि चालू फोल्डर बघितलेच जात नाहीत. त्याआधीचे जुने लेख वाचून पाथ बदलत बसू नका. तीन मार्ग आहेत:

- सीडीएलएलला फाइलचा पूर्ण पत्ता द्या आणि अवलंबित फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पूर्ण पत्ता दिला की डीएलएलचं स्वतःचं फोल्डर शोधलं जातं.
- ओएस मोड्यूलमधल्या ॲड_डीएलएल_डिरेक्टरीने मिंगडब्ल्यूचं बिन फोल्डर जोडा.
- कंपाइल करतानाच जीसीसीचे रनटाइम स्टॅटिक जोडा. दुसऱ्याच्या यंत्रावर द्यायचं असेल तर मी हाच सुचवेन.

संदेश '१९३' क्रमांकाचा असेल तर प्रकरण वेगळं: पायथॉन ६४ बिट आणि डीएलएल ३२ बिट, किंवा उलट. लिनक्सवर त्याचंच रूप 'राँग ईएलएफ क्लास'. एका प्रोसेसमध्ये दोन्ही मिसळता येत नाहीत, त्यावर युक्ती नाही, लायब्ररी पुन्हा कंपाइल करा.

व्हिज्युअल स्टुडिओकडे गेलात तर तिथे फंक्शन आपोआप बाहेर दिसत नाही, प्रत्येकावर डीएलएलएक्स्पोर्टची खूण लागते.

सी++ बद्दल: कंपायलर फंक्शनच्या नावात आर्ग्युमेंटचे प्रकार गुंफतो. दोन इंट घेणारं 'ॲड' जीसीसीकडून '_झेड३ॲडआयआय' होऊन बाहेर पडतं. ३ ही नावाची लांबी, शेवटचे दोन आय म्हणजे दोन इंट. पायथॉनमधून बोलवायची फंक्शन्स एक्स्टर्न 'सी' च्या कंसात घाला, आतली बाकी सी++ तशीच राहू द्या. मात्र या सीमेवरून स्टँडर्ड स्ट्रिंग किंवा व्हेक्टर पाठवू नका आणि एक्सेप्शन बाहेर पडू देऊ नका. .एसओमध्ये नेमकी कोणती नावं आहेत हे एनएम या आज्ञेला मोठा डी हा पर्याय देऊन दिसतं. नावापुढे मोठा टी असेल तर ते फंक्शन बाहेरून बोलावता येतं.

लिनक्सवरचे काही खड्डे याच ओघात सांगतो. नुसतं फाइलचं नाव दिलं तर चालू फोल्डरमध्ये शोधलं जात नाही. पुढे टिंब आणि तिरकी रेघ द्या, किंवा स्क्रिप्टच्या जागेवरून पूर्ण पत्ता बनवा, ते जास्त भरवशाचं. एलडी_लायब्ररी_पाथ पायथॉन सुरू झाल्यावर आतून बदलून उपयोग नाही, लोडर तो सुरुवातीलाच वाचतो. आणि लिबएम उघडताना शेवटचा ६ विसरू नका. डेव्हलपमेंटची पॅकेजं बसवलेली असतील तर उबुंटूवर 'लिबएम.एसओ' ही लिंकरसाठीची मजकूर फाइल असते, ती दिल्यावर 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' येतं. सीटाइप्सच्या युटिलमधल्या फाइंड_लायब्ररीला नुसतं 'एम' दिलं की योग्य नाव मिळतं.

लायब्ररी पुन्हा कंपाइल केलीत की पायथॉन बंद करून परत सुरू करा, ज्युपिटरमध्ये असाल तर कर्नल. जुनी प्रत मेमरीतच असते, आणि उघड्या फाइलवर नवी लिहिली गेली तर प्रोग्रॅम कोसळूही शकतो.

अर्धविराम

स्ट्रक्चर आतून वाचायचं असेल तर फील्ड्सची यादी हेडरच्या क्रमानेच द्या. आधी एक 'चार' (सीचा १ बाइटचा कॅरेक्टर प्रकार) आणि मग एक डबल, तर आकार ९ नव्हे, १६ बाइट, कारण डबल ८ च्या पटीतल्या जागी बसतो. ही मधली रिकामी जागा सीटाइप्स स्वतः सोडतं. _पॅक_ तेव्हाच लिहा जेव्हा सीच्या कोडमध्ये पॅकची प्रॅग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) असेल. खात्रीसाठी लायब्ररीत साइझऑफ परत देणारं एक चिमुकलं फंक्शन ठेवा आणि सीटाइप्सच्या साइझऑफशी ताडून बघा. आकार जुळूनही क्रम चुकलेला असू शकतो, तेव्हा फील्डचे ऑफसेटही बघा.

कॉलबॅक, म्हणजे लायब्ररीने उलट बोलवायचं पायथॉनचं फंक्शन, देणार असाल तर सीफंकटाइपने तयार केलेली वस्तू एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. थेट आर्ग्युमेंटमध्येच तयार करून दिली आणि लायब्ररीने ती नंतरसाठी जपून ठेवली, तर पायथॉन ती कचऱ्यात काढतो आणि पुढच्या वेळी लायब्ररी मोकळ्या झालेल्या पत्त्यावर उडी मारते. कधी चालतं, कधी कोसळतं, आणि शोधायला फार वाईट. कॉलबॅकच्या आत एक्सेप्शन आलं तर ते छापलं जातं, पण सी ओलांडून तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

कोसळण्याची जागा शोधायला पायथॉन मोठ्या एक्सच्या पर्यायासह फॉल्टहँडलर लावून चालवा. सेगमेंटेशन फॉल्ट आला की पायथॉनच्या कोणत्या ओळीवरून सीमध्ये गेलात ते दिसतं.

शाईदौत

पाचदहा फंक्शनपर्यंत सीटाइप्स पुरेसं आहे, कंपायलरही लागत नाही. हेडर मोठं असेल तर सीएफएफआय बघा. त्यात सीची घोषणा जवळजवळ तशीच चिकटवता येते आणि एपीआय पद्धतीत प्रत्यक्ष कंपायलरच प्रकार तपासतो, त्यामुळे वरच्या अर्ध्या चुका बांधणीच्या वेळीच सापडतात. सगळी लायब्ररी सी++ मध्येच असेल तर पायबाइंड११.

नमपायचे ॲरे पाठवणार असाल तर आर्गटाइप्समध्ये नमपायच्या सीटाइप्सलिबमधला एनडीपॉइंटर लिहा, त्यात फ्लोट६४ आणि सलग मांडणी या दोन्ही अटी घाला. ट्रान्सपोज केलेला किंवा एकाआड एक स्तंभ कापलेला ॲरे मेमरीत सलग नसतो, सी मात्र सलगच वाचत जातं आणि भलतेच आकडे देतं. ही अट असली की तिथेच आर्ग्युमेंटएरर येतो, मग ॲजकंटिग्युअसॲरे करून पाठवा. त्याने नवी प्रत होते. लायब्ररी ॲरेमध्ये उत्तर लिहिणार असेल तर ते या प्रतीत लिहिलं जाईल, मूळ ॲरेत नाही.