पिर्के आवोत १:६ : ‘चांगल्या पारड्यात तोला’ याच्या खोलात कसं शिरायचं?

वाचतोय_हळूहळू
पिर्के आवोत, म्हणजे यहुदी रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) वचनांचा संग्रह, भाषांतरातून वाचलं. मूळचे पाच अध्याय आणि मागून जोडलेला सहावा. दोन बैठकांत संपलं आणि तिथेच अडलो. वाक्यं शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांसारखी वाटतात. उदाहरणार्थ १:६, येहोशुआ बेन पराखिया : गुरू कर, मित्र मिळव, प्रत्येक माणसाचा न्याय चांगल्या बाजूने कर. बरं, पुढे? रब्बींच्या वचनात खोल अर्थ असतो म्हणतात, तो काढायची रीत काय? ‘पर्देस’चे चार थर (सरळ अर्थ, सूचन, विवरण, गूढ) इथे लावायचे का? हिब्रू अक्षरं ओळखता येतात, भाषा येत नाही.

दोन_पारडी
पर्देस तूर्त बाजूला ठेवा. ते मुख्यतः तनाखमधल्या (हिब्रू बायबलमधल्या) वचनांसाठी वापरतात. आवोत हा मिश्नेचा, म्हणजे रब्बींच्या तोंडी परंपरेच्या संकलनाचा, भाग आहे. मिश्ना साधारण इ.स. २०० च्या सुमारास रब्बी येहुदा हानासींनी संकलित केली. तिची भाषा काटकसरीची आहे, म्हणून आधी शब्द मोजायचे.

मूळ वाक्य असं : आसे लेखा राव, उक्ने लेखा खावेर, वेहेवे दान एत कोल हाआदाम लेखाफ झखुत. (‘राव’ आणि ‘दान’ ऐकून हुरळू नका, आपल्या शब्दांशी संबंध नाही. राव म्हणजे गुरू आणि दान म्हणजे न्याय करणारा.)

आता क्रियापदं बघा. गुरूसाठी ‘आसे’, म्हणजे कर, बनव. मित्रासाठी ‘क्ने’, म्हणजे मिळव, अगदी विकत घे म्हटलं तरी चालेल. भाषांतरात हा फरक बहुधा गुळगुळीत होतो आणि वाक्य सपाट होतं ते तिथेच. भाष्यकार रम्बाम, म्हणजे मैमोनिदेस (११३८–१२०४), म्हणतो, समोरचा तुझा गुरू व्हायच्या योग्यतेचा नसला तरी त्याला गुरू कर. म्हणजे गुरुपण शिष्याच्या कृतीतून येतं. मित्र मात्र काही मोजल्याशिवाय मिळत नाही.

तिसरा तुकडा सगळ्यात श्रीमंत. ‘काफ’ म्हणजे तराजूचं पारडं (वाक्यात त्याचं ‘खाफ’ होतं), आणि ‘झखुत’ म्हणजे निर्दोषपणा, पुण्याची बाजू. इथे मराठी वाचकाचं काम सोपं आहे, पारडं झुकणं आपण रोज बोलतो. ‘सगळे चांगलेच असतात’ असं हे वाक्य म्हणतच नाही. रम्बामच्या मते हे अनोळखी माणसाबद्दल आहे, ज्याच्या कृतीचे दोन्ही अर्थ निघू शकतात. तिथे पारडं चांगल्याकडे झुकवायचं. सज्जन म्हणून ठाऊक असलेल्याची कृती वाईट दिसली तरी, थोडी जरी शक्यता असेल तरी, चांगलीच धरायची. दुष्ट म्हणून ठाऊक असलेल्यापासून मात्र त्याची कृती चांगली दिसली तरी सावध राहायचं. भोळेपणाला इथे थारा नाही.

आणखी एक : ‘हाआदाम’मधला ‘हा’ हे निश्चित उपपद आहे. नुसतं ‘कोल आदाम’ म्हटलं असतं तरी ‘प्रत्येक माणूस’ झालं असतं. म्हणून पुढच्या काळात ‘अख्खा माणूस’ असाही अर्थ लावला गेला : एक कृती नव्हे, सगळा माणूस तोला. सुंदर आहे, पण ते विवरण आहे हे वहीत वेगळं लिहा. सरळ अर्थात मिसळलं की पुढचं सगळं सैल होतं.

गेमारा_गल्ली
वरच्यात एक राहिलं : शेजार. १:६ नंतर लगेच १:७ मध्ये त्याचाच जोडीदार नित्ताय आर्बेली म्हणतो, वाईट शेजाऱ्यापासून दूर राहा. आणि १:८ मध्ये येहुदा बेन तब्बाय न्यायाधीशाला सांगतो, वादी-प्रतिवादी समोर उभे असताना दोघांनाही दोषी समज, आणि निकाल मान्य करून गेले की दोघांनाही निर्दोष समज. तिन्ही एका दमात वाचा. चांगल्या पारड्याची शिकवण, तिला कुंपण, आणि न्यायासनावर तिचा उलटा नियम. एकच वाक्य भिंतीवर लावणाऱ्याला हे दिसत नाही.

मग तालमूद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांचा ग्रंथ. त्यातला ‘शब्बात’ हा भाग, पान १२७ब. वरच्या गालीलातला एक मजूर दक्षिणेत एका मालकाकडे तीन वर्षं राबतो. योम किप्पुरच्या (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी बायकोपोरांसाठी मजुरी मागतो. पैसे? नाहीत. धान्य? नाही. जमीन? नाही. जनावरं? नाहीत. गाद्या-उशा? त्याही नाहीत. बोचकं पाठीवर टाकून तो खिन्न मनाने घरी जातो. सणानंतर मालक मजुरी घेऊन येतो, सोबत तीन गाढवं : एकावर खाणं, एकावर पेय, एकावर गोडधोड. जेवण होतं, मजुरी चुकती होते आणि मग मालक एकेक करून विचारतो, तेव्हा तुला काय वाटलं? मजुराने प्रत्येक ‘नाही’ला वेगळं कारण धरलेलं असतं : पैसा स्वस्तातल्या मालात अडकला असेल, जनावरं भाड्याने दिली असतील, जमीन कसायला दिली असेल, धान्याचा दशमांश काढायचा राहिला असेल. गाद्या-उशांना कारण सुचेना, तर म्हणे सगळी मालमत्ता देवाला वाहिली असेल. आणि खरं तसंच निघतं. मुलगा तोरा (धर्मशास्त्र) शिकत नाही म्हणून मालकाने तो नवस केला होता.

लक्षात घ्या, मजुराने मजुरी *मागितली*. चांगल्या पारड्यात तोलणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे.

वाचतोय_हळूहळू
हे भारी आहे. म्हणजे कुठल्याही दोन जागा जोडत जायचं का?

गेमारा_गल्ली
नाही, बिघडतं ते इथेच. समान शब्दावरून दोन वचनं जोडून नियम काढायला ‘गझेरा शावा’ म्हणतात, आणि ती परंपरेने मिळालेली असावी लागते, मनाने करता येत नाही. ‘काल वाखोमेर’ मात्र स्वतः करता येतं. आपला कैमुतिकन्याय तोच : हलक्या बाबीला लागू, तर जड बाबीला नक्कीच लागू. पण त्यालाही लगाम आहे, ‘दायो’ : निष्कर्ष आधारवाक्यापेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही (मिश्ना, बावा कामा २:५). आणि वचन आपल्या सरळ अर्थातून कधीच सुटत नाही, हे शब्बात ६३अ मध्येच सांगितलंय. अक्षरांची बेरीज करून अर्थ काढणं अगदी शेवटी. तिथून सुरुवात केलीत तर काहीही सिद्ध करता येतं.

विवरण म्हणून जोडायची एक जागा सुचवतो, तालमूदमधलंच सोता ४७अ. जुन्या छापील प्रतींत सेन्सॉरने हा भाग कापलेला असतो. येहोशुआ बेन पराखिया एका खानावळीचं कौतुक करतो. ‘अख्सानिया’चे अर्थ दोन, खानावळ आणि तिची मालकीण. शिष्य मालकीण समजून तिच्या डोळ्यांबद्दल बोलतो, गुरू संतापून त्याला बाहेर काढतो. शिष्य पुन्हा पुन्हा येतो. शेवटी गुरू ‘शमा’ ही प्रार्थना म्हणत असताना हाताने ‘थांब’ अशी खूण करतो, शिष्याला वाटतं हाकललं, आणि तो कायमचा जातो. दोन्ही वेळा एका खुणेचे दोन अर्थ, दोन्ही वेळा पारडं वाईटाकडे. तालमूद म्हणतं, दोन्ही हातांनी ढकलू नये, डावा ढकलो तर उजवा जवळ ओढो. हे त्याच माणसाबद्दल म्हटलंय ज्याने १:६ सांगितलं. जोड माझी, तालमूद ती करत नाही.

रेवदंडा_ते_लोद
कामाचं थोडं. सेफारिया ही यहुदी ग्रंथांची वेबसाइट फुकट आहे. त्यावरच्या तालमूदच्या इंग्रजी भाषांतरात ठळक अक्षरं म्हणजे मूळ शब्द, साधी अक्षरं म्हणजे भाषांतरकाराची भर. नवखे साध्या अक्षरांवरच अर्थाचे इमले बांधतात. तालमूदचा जवळपास प्रत्येक ग्रंथ पान २ पासून सुरू होतो, पहिलं पान शोधू नका. आवोतमधले क्रमांक प्रार्थनापुस्तकात एकदोनने पुढेमागे असतात, म्हणून शब्दाने शोधा.

दोघांनी बसा, मोठ्याने वाचा, एका मिश्नेला (म्हणजे १:६ सारख्या एका परिच्छेदाला) ४० मिनिटं. भाष्य उघडण्याआधी निदान एक प्रश्न लिहा. मग बर्तेनुरा (मिश्नेवरचा दुसरा भाष्यकार), मग रम्बाम. उलट क्रमाने गेलात तर रम्बामचा आराखडाच डोक्यात बसतो आणि शब्द दिसेनासे होतात.

मराठीतून सराव हवा तर पेसाखची हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, घ्या. बेने इस्रायलींसाठी मराठी भाषांतरासह ती १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. तिच्या मधल्या भागात बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली २६:५–८ ही चार वचनं शब्द सुटा करून सोडवली आहेत. ‘तिथे तो उपरा म्हणून राहिला’ याखाली येतं : याकोब कायम वस्तीला गेला नव्हता. खालचं विवरण झाकून आधी स्वतः सोडवा, मग बघा.