टी-टेस्ट वन-टेल्ड की टू-टेल्ड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एम.एड. चा लघुप्रबंध चालू आहे, आठवीच्या दोन तुकड्या घेतल्यात, प्रत्येकी ३५ मुलं, एका तुकडीला अपूर्णांक कृतीतून शिकवले आणि दुसरीला नेहमीच्या पद्धतीने, मग दोघांची उत्तरचाचणी घेतली. दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या टी-टेस्टमध्ये टी ची किंमत आली १.८२, स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) ६८. आता गंमत अशी की ०.०५ स्तरावर टू-टेल्डला (फरक कुठल्याही बाजूने असो) टेबलमध्ये साधारण २.०० लागतात म्हणजे फरक सार्थक नाही, पण वन-टेल्डला (फरक एकाच, आधी ठरवलेल्या बाजूने) १.६७ च पुरतात म्हणजे सार्थक! सिनॉप्सिसमध्ये परिकल्पना "दोन्ही गटांत सार्थक फरक नाही" अशी साधी शून्य परिकल्पना आहे, दिशा कुठेच दिलेली नाही. बरोबरचे सगळे म्हणतायत वन-टेल्ड लाव आणि मोकळी हो. मला ते पटत नाहीये, निकाल बघून मग परिकल्पना बदलायची म्हणजे मॅच संपल्यावर बाउंड्री आत घेण्यासारखं झालं ना?

दुसरं म्हणजे तुकड्या शाळेच्याच, यादृच्छिक पद्धतीने पाडलेल्या नाहीत, आणि पूर्वचाचणीतच प्रायोगिक गटाची सरासरी थोडी पुढे होती. मग हे प्रयोगसदृश संशोधनच म्हणायचं ना? आणि नुसत्या टी-टेस्टऐवजी पूर्वचाचणीचे गुण सहचल धरून अँकोव्हा (आधीचा फरक हिशेबात घेऊन गटांची तुलना करणारी चाचणी) लावू का? एक्सेलमध्ये टी-टेस्ट जमते पण अँकोव्हासाठी मेन्यूत काहीच दिसत नाही, जामोवी हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून तेच टाकून घेतलंय.

शून्य परिकल्पनेचा त्याग करता आला नाही असं सरळ लिहिलं तर व्हायवाला मार्क कापतात का हो? कोणी असा निकाल मांडला असेल तर निष्कर्षाचं प्रकरण कसं लिहिलंत ते सांगा प्लीज.