मदत हवी आहे: आकाशवाणीच्या जुन्या वेळापत्रकांबद्दल

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात महाराष्ट्रातल्या आकाशवाणी केंद्रांवर छोटं प्रदर्शन लावायचं ठरलंय. मुंबई (२३ जुलै १९२७, तेव्हा खासगी कंपनीचं), नागपूर (१९४८) आणि पुणे (१९५३) यांची माहिती सहज मिळाली. पुण्यावर तर भरपूर लिहिलं गेलंय, १९५५ साली तिथून 'गीतरामायण' सुरू झालं ना!

अडतंय ते परभणी, जळगाव, सांगली, रत्नागिरी या केंद्रांपाशी. सत्तरऐंशीच्या दशकात तिथे दिवसभर काय लागायचं? कामगार सभा, वनिता मंडळ, आपली आवड, शेतीचे कार्यक्रम यांतलं स्थानिक किती आणि मुंबई-पुण्याहून सहक्षेपित किती, हे कळायला हवंय. कोणाकडे त्या काळच्या स्थानिक वृत्तपत्राचं 'आजचे कार्यक्रम' सदर छापलेलं पान आहे का? पिवळं पडलेलं, डब्यात अंथरलेलं असलं तरी चालेल, फक्त तारीख दिसली पाहिजे. फोटो काढून इथेच टाका.

या केंद्रांवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम केलेलं कोणी असेल तर सोन्याहून पिवळं. आठवणीही चालतील, पण साल अंदाजे असेल तर 'अंदाजे' असं लिहा, कारण फलकावर छापायचंय.