मदत हवी आहे: कॉलममधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात औषध आतल्यापेक्षा जास्त कसं?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. विषय, सांडपाण्यातले औषधांचे अंश शाश्वत पद्धतीने काढणं. एका निकालापाशी पंधरा दिवस अडकले आहे. गाईड म्हणाले परत मोजून बघ. राखून ठेवलेले नमुने परत मोजले, तेच आलं.

भाताच्या तुसाचा बायोचार (कमी हवेत भाजून केलेला, औषध धरून ठेवणारा कोळसा) ५५० अंशांना केला, चाळला, धुतला आणि काचेच्या कॉलममध्ये, म्हणजे उभ्या नळीत, भरला. वरून सोडते ते प्रयोगशाळेत बनवलेलं पाणी नाही, शुद्धीकरण केंद्रातून दुय्यम प्रक्रिया होऊन निघालेलं खरं सांडपाणी आहे. मोजते दोन औषधं. कार्बामाझेपिन (फिट्सवरचं औषध), कारण त्याला शुद्धीकरण केंद्रातल्या सक्रिय गाळातले जिवाणू जवळपास हातच लावत नाहीत. आणि डायक्लोफेनॅक (वेदनाशामक), जे सांडपाण्याच्या पीएचला ऋणभारित असतं. माझ्या बायोचारचा पृष्ठभागही त्या पीएचला ऋणभारितच, त्यामुळे दोघांचं फारसं जमत नाही. एक उदासीन, एक ऋणभारित, अशी मुद्दाम निवडलेली जोडी आहे.

ऊर्ध्वपातित पाण्यात सगळं सुरेख झालं होतं. लिटरला १० मिलिग्रॅम औषध, लँगम्युअरचा वक्र (पाण्यात किती औषध असताना बायोचार किती धरतो ते सांगणारा) अगदी चपखल. खऱ्या पाण्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये आणि विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारो पटींनी जास्त. तेव्हा क्षमता घसरणार हे धरूनच चालले होते. पण पहिले चार दिवस डायक्लोफेनॅक बाहेर दिसलंच नाही, पाचव्या दिवशी डोकावलं, नवव्या दिवशी जवळपास आतल्याइतकं झालं आणि अकराव्या दिवसापासून आतल्यापेक्षा जास्त. सलग पाच नमुने! 'बाहेर भागिले आत' ही रेष एकच्या वर जाऊन बसली आहे. कार्बामाझेपिन मात्र अजून बरंच खाली आहे.

मला सुचलेली कारणं: सेंद्रिय द्रव्य डायक्लोफेनॅकला जागेवरून ढकलून बाहेर काढतंय, किंवा माणसाच्या शरीरात ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडलं जाऊन ग्लुकुरोनाइड झालेलं औषध कॉलममधल्या जिवाणूंच्या थरात पुन्हा सुटं होतंय, किंवा माझं मोजमापच चुकतंय. समस्थानिक लावलेलं अंतर्गत मानक (त्याच औषधाचं जड रूप, नमुन्यात ठरावीक प्रमाणात घालून मोजमापातली चूक पकडायला) आमच्याकडे नाही, आणि औषध मोजायचं यंत्र, एलसी-एमएस, दुसऱ्या विभागाचं, आठवड्यातून एकदाच मिळतं. यातलं खरं कारण कमी नमुन्यांत कसं ओळखू?

हे नुसतं आलेखापुरतं असतं तर एवढी जिवाला लागली नसते. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक केंद्रांना ठरावीक सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के काढावी लागतात, युरोपीय संघानेही २०२४ च्या नव्या निर्देशात तोच आकडा घेतला. माझा कॉलम ८० टक्क्यांवर जेमतेम आठवडाभर टिकत असेल तर बायोचार सतत भट्टीत घालावा लागेल, आणि मग प्रबंधाच्या नावातला 'शाश्वत' शब्द कुठल्या तोंडाने ठेवू? या विषयात आले ती कॅनडातल्या एका प्रायोगिक सरोवराबद्दल वाचून. २००१ ते २००३ अशी तीन वर्षं त्यात गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इतकंच राखलं होतं, आणि तिथले मिनो जातीचे छोटे मासे जवळजवळ संपले. तेव्हापासून 'थोडंसं राहिलं तर काय बिघडतं' हे मला म्हणवत नाही.

प्रतिसाद १
आधी मोजमाप तपासा. सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्य एलसी-एमएसमध्ये औषधाचं आयनीकरण दाबतं, म्हणजे यंत्राला औषधाचा संकेत कमी मिळतो. आतल्या नमुन्यात ते जास्त असेल तर तिथलं औषध कमी दिसतं, बाहेरच्यात खरं दिसतं, आणि कॉलम औषध 'तयार' करतोय असं वाटतं. आतला एक आणि बाहेरचा एक नमुना घ्या, दोन्हींत माहीत असलेलं डायक्लोफेनॅक सारखंच घाला आणि किती परत मिळतं ते पाहा. चार इंजेक्शनांत काम होईल.

प्रतिसाद २
त्याच्याही आधी २५४ नॅनोमीटरला यूव्ही शोषण बघा, त्यावरून सेंद्रिय द्रव्याचा अंदाज येतो आणि त्याला एलसी-एमएस लागत नाही. अकराव्या दिवशी आत-बाहेर शोषण जवळपास सारखं असेल तर सेंद्रिय द्रव्यही पार झालेलं आहे, आणि मोजमापाच्या शंकेतला बराचसा जोर जातो.
मग वस्तुमानाचा हिशोब करा. ढकलून निघालेलं औषध आधी अडकलेल्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. आजवर बाहेर पडलेलं एकूण डायक्लोफेनॅक आत गेलेल्या एकूणापेक्षा जास्त भरलं, तरच ग्लुकुरोनाइडच्या मागे लागा.
आणि एक विचारतो, राग मानू नका. पाण्याचा ड्रम कधी बदललात?

धागाकर्ती
राग कसला! वही काढून बघितली. दहाव्या दिवशी संध्याकाळी नवा ड्रम लावला होता, आणि तो भरला होता मोठ्या पावसानंतर. आतलं डायक्लोफेनॅक जुन्या ड्रमच्या निम्म्याच्या आसपास आहे. आकडे माझ्याच तक्त्यात होते, मी फक्त गुणोत्तर बघत बसले. यूव्ही आजच घेतलं, राखलेल्या नमुन्यांत आत-बाहेर जवळपास सारखं आहे.

प्रतिसाद २
मग बरंचसं उलगडलं. पाणी पातळ झालं की तोल उलटा फिरतो, बायोचार धरलेलं औषध परत सोडतो. सेंद्रिय द्रव्य त्याला हातभार लावत असेलच. तरी प्रतिसाद १ मधली तपासणी सोडू नका, परीक्षक तेच पहिलं विचारतील. पुढच्या खेपेला दोन कॉलम एकामागे एक जोडा. पहिल्याने सोडलेलं दुसरा धरेल, आणि पहिला पूर्ण भरेपर्यंत वापरता येईल, म्हणजे भट्टीच्या फेऱ्याही कमी होतील.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दुसरा कॉलम उद्याच भरते. एलसी-एमएसची पाळी गुरुवारी आहे, आकडे आले की इथेच टाकते.