हर्मन कासवाचं पिल्लू काकडीशिवाय काही खात नाही, काय करू?

यॉर्कशायरवाली:
नमस्कार मंडळी. आम्ही लीड्सला असतो. लेकीच्या हट्टापायी हल्लीच हर्मन जातीचं कासवाचं पिल्लू आणलंय, ब्रीडरकडून, विक्रीच्या परवानगीचं आर्टिकल १० चं सर्टिफिकेट वगैरे सगळं रीतसर आहे. नाव गोट्या. लिंबाएवढा जीव पण हट्ट डोंगराएवढा. आणल्यावर काही खाईना म्हणून काकडी दिली तर ती फस्त, आणि तेव्हापासून काकडी, टोमॅटो, स्ट्रॉबेरी एवढंच चाललंय. पानं ठेवली की वास घेतो, मान फिरवतो, त्याच पानांवर पाय देत पलीकडे जातो आणि कोपऱ्यात माती उकरून बसतो. कासवाच्या तयार खाद्याचे पेलेट्स भिजवून दिले, त्यांनाही तोंड लावलं नाही. परवा सासूबाईंनी दूधपोळी कुस्करून ठेवली, म्हणे वाढतं अंग आहे, पोटाला आधार नको का, तर ती मात्र थोडी खाल्ली साहेबांनी!! आता शी पातळ होतेय. लाकडी टेबल केलंय त्याला, वर एक बल्ब आहे आणि खिडकीशीच ठेवलाय म्हणजे ऊन मिळतंच. व्हेटकडे न्यावं का की नुसता हट्ट आहे, मोडेल आपोआप?

टॉर्टीआई_बर्मिंगहॅम:
अगं आधी खाण्याचं राहू दे, दिवा बघ. बल्बखाली किती तापतंय ते मोजलंस का? हाताला गरम लागतंय यावर जाऊ नको, इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो स्वस्तात, तो घे आणि कासवाच्या पाठीच्या उंचीला माप. बल्बखाली ३२ ते ३५ डिग्री हवं आणि टेबलाचं दुसरं टोक विशीच्या आसपास, म्हणजे त्याला हवं तेव्हा शेकता येतं, हवं तेव्हा लांब जाता येतं. यांचं अंग बाहेरच्या उष्णतेवर चालतं, थंड असेल तर भूकच लागत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही. पिल्लू खात नाही म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं इथेच असतं असं माझं मत आहे.

दुसरं म्हणजे खिडकीतलं ऊन विसर. काचेतून उजेड येतो, यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, जवळपास येतच नाहीत. यूव्हीबी नाही तर अंगात व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, डी३ नाही तर कितीही कॅल्शियम घाल ते लागू पडत नाही आणि मग कवच मऊ पडतं, पाय वाकतात. उलट काचेमागे कडक ऊन आलं तर ते पिल्लू भाजून निघेल ते वेगळंच. टी५ ची (बारीक ट्यूबलाइटसारखी) यूव्हीबी ट्यूब लाव, दिवसाला बारा तास, आणि उजेड छान दिसत असला तरी वर्षाच्या आत बदल, कारण यूव्हीबी आधी संपतं, उजेड नंतर.

आता खाणं. हर्मन हा भूमध्य समुद्राच्या काठच्या खडकाळ झुडपांतला प्राणी, तिथे त्याला मिळतं ते रानटी तण. फायबर भरपूर, कॅल्शियम भरपूर, प्रोटीन कमी, साखर जवळपास नाहीच. काकडीत पाणी सोडून आहे काय? आणि स्ट्रॉबेरीच्या साखरेने आतडं बिघडतं, तुझी पातळ शी त्यातलीच असणार. दूध तर मुळीच नको, सरपटणाऱ्या प्राण्यांना दूध पचत नाही. पोळी, भात, वरण सगळं बंद, सासूबाई रागावल्या तरी चालतील 😄

वळवायचं कसं तर डँडेलियनची (पिवळ्या फुलाचं ते तण) पानं अगदी बारीक चीर, ओली ठेव, त्यात काकडी किसून कालव म्हणजे वास सगळ्याला लागतो आणि त्याला निवडून खाता येत नाही. मग रोज काकडी थोडी थोडी कमी. वर डँडेलियनचं पिवळं फूल ठेव, पिवळ्या आणि लाल रंगाकडे ही मंडळी धावतात. सकाळी दिवे लागले की त्याला जरा शेकू दे, मग कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बसव, तिथेच पाणी पितो, शी-शू उरकतो, आणि बाहेर काढल्यावर लगेच ताटली समोर. खाणं मातीवर नको, पाटीच्या दगडावर किंवा चपट्या फरशीवर दे, चोच घासली जाते.

सल्काटावाला_शारजा:
ताई एवढे लाड कशाला, दोन आठवडे उपाशी ठेवा, येतोय बघा वठणीवर. माझा सल्काटा (आफ्रिकेतलं मोठं कासव) सुकं गवत खातो नुसतं, बाकी नखरे नाहीत. आणि प्रोटीन अजिबात नको हां, नाहीतर पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात.

टॉर्टीआई_बर्मिंगहॅम:
दादा तुमचा मोठा सल्काटा आहे हो, तो गवतावरच जगणारा, हर्मनच्या पिल्लाला सुकं गवत चावतसुद्धा नाही. मोठं धडधाकट कासव उपाशी राहून वळतं हे खरं पण एवढ्याशा पिल्लात साठा किती असणार, त्यात अंगात पाणी कमी पडलं तर संपलंच. आणि पिरॅमिडचं म्हणाल तर २००३ साली व्हिएन्नात सल्काटाच्याच पिल्लांवर अभ्यास झाला होता, त्यात प्रोटीनपेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम जास्त दिसला. कोरड्या हवेत वाढलेल्यांची पाठ उंचवट्यांची झाली. म्हणजे प्रोटीन वाढवा असं नाही, पण माती खालून ओलसर ठेवणं आणि रोजची अंघोळ हे जास्त महत्त्वाचं.

यॉर्कशायरवाली, दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेव. वजन उतरत असेल, डोळे मिटलेले राहत असतील, नाकातून बुडबुडे येत असतील तर थांबायचं नाही, सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांचा व्हेट गाठायचा, कुत्र्यामांजरांचा नव्हे. पातळ शी काकडी बंद करूनही राहिली तर नमुना तपासून घे, जंत असू शकतात.

गच्चीबाग_पुणे:
मध्येच बोलतो. इथे भारतातून वाचणारेही असतील म्हणून सांगतो की आपल्याकडचं स्टार कासव पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, बाजारात कोणी चोरून विकतो म्हणजे चालतं असं नाही. २०१९ पासून तर त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या यादीत टाकून बंद केलाय. वास्तुशास्त्राच्या नावाखाली लोक घेतात आणि पालक, भात घालून मारतात. सापडलं तर वनखात्याला कळवा, तलावात सोडू नका, ते जमिनीवरचं आहे, बुडून मरतं.

बाकी खाण्यात जास्वंदीची पानं-फुलं आणि तुतीची पानं उत्तम. निवडुंगाचं पान काटे काढून चालतं. पालक मात्र रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेन ठेवा एक तुकडा, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तेच, मागची कडक बाजू खरवडून काढा म्हणजे त्याला कुरतडता येईल.

यॉर्कशायरवाली:
सगळ्यांचे खूप आभार!! थर्मामीटर आणला तर बल्बखाली जेमतेम २६ निघालं, म्हणजे बिचारा गारठलेलाच होता. बल्ब बदलला, ट्यूब लावली, काकडी किसून कालवायची युक्ती चालू केली. पहिल्यांदा नुसतं फूल ओढून घेतलं, मग काल चोच वाकडी करून पानाची कड पकडली, मान मागे खेचून टर्रकन तुकडा तोडला, आम्ही सगळे टेबलाभोवती उभे 😂 शीही घट्ट होतेय. आता दोन प्रश्न. कॅल्शियमची पावडर किती, आणि हिवाळ्यात डँडेलियन कुठून आणायचं? आणि सासूबाईंना काहीतरी खायला घालायचंच आहे त्याला, त्यांना काय सांगू?

टॉर्टीआई_बर्मिंगहॅम:
वा, टर्रकन तोडलं म्हणजे जमलंच की! साधी कॅल्शियम पावडर रोज चिमूटभर, पानांवर नुसती धूळ बसल्यासारखी दिसली पाहिजे, ढीग नको, नाहीतर वासाने पुन्हा रुसेल. डी३ वाली आठवड्यातून एक-दोनदा पुरे, यूव्हीबी आहे ना.

हिवाळ्यात रिबवर्ट प्लँटेन, ते रस्त्याकडेला लांबट शिरांच्या पानांचं असतं ना, ते बरंच टिकतं. घरात ट्रेमध्ये तणाचं बी पेरून ठेव. सुपरमार्केटचं घ्यायचं तर सॅलडच्या पानांपैकी एंडिव्ह, रॅडिकिओ, लॅम्ब्ज लेट्यूस, थोडं रॉकेट, आलटून पालटून. आइसबर्ग लेट्यूस नको. सुकवलेलं डँडेलियनही मिळतं, कोमट पाण्यात भिजवून ताज्या पानांत कालवायचं.

आणि सासूबाईंना तण खुडायच्या कामाला लाव, भाजी निवडायचा हात असतो त्यांना. फक्त बटरकप, फॉक्सग्लव्ह आणि डॅफोडिल ही तीन विषारी झाडं आधी दाखवून ठेव, कुत्रे फिरवायच्या वाटेवरचं आणि कौन्सिलने फवारणी केलेल्या कडेचं खुडू नका, घरी आणून धुवा, आणि निवडताना देठं टाकू देऊ नको त्यांना, फायबर त्यातच असतं.