तीन फ्रॅक्चर झाली, तरी कॉम्रेड्सला पुन्हा जावं का?

सिंहगड_उतार
सरळ विषयावर येतो. वय ४४, मुक्काम पुणे. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स धावलो. उताराचं वर्ष होतं (कधी चढणीच्या दिशेने पळवतात, कधी उताराच्या), पीटरमारित्झबर्ग ते डर्बन, ९० किलोमीटर. मला ११ तास ३४ मिनिटं लागली. बारा तास झाले की दोर बांधतात आणि पलीकडचा माणूस पलीकडेच राहतो, म्हणजे मी काही तीर मारला नव्हता. पण मोझेस मभीदा स्टेडियमच्या हिरवळीवर पाय ठेवताना जे वाटलं ते परत कधी वाटलं नाही. लग्नातसुद्धा नाही (घरचं कोणी हे वाचत नाही असं धरून चालतो).

त्यानंतरचा हिशेब असा. २०२२ला शर्यत ऑगस्टमध्ये होती, तिकीट काढलेलं, आणि जुलैत डाव्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेला तडा. २०२४ला उजवी नडगी. गेल्या वर्षी पावलातलं हाड, दुसरं मेटाटार्सल. मधल्या काळात टाचदुखी, गुडघ्याच्या बाहेरची शीर वगैरे किरकोळ मंडळी येऊन-जाऊन होतीच. माझ्या रनिंग ग्रुपमध्ये आता कोणी "कसा आहेस" विचारत नाही, "या वेळी कुठे" असं विचारतात.

सध्या चार महिने काहीही दुखत नाही. आठवड्याला ४० किमी होतात. २०२५ची कॉम्रेड्स ९८वी होती, म्हणजे २०२७ला शंभरावी. ती चुकली तर चुकली, एकशे एकावीला त्याची सर नाही. फिजिओ म्हणतो हळूहळू वाढवू. हाडांचे डॉक्टर म्हणतात, "हाफ मॅरेथॉन पळा आणि सुखात राहा." बायको काहीच म्हणत नाही, हे जास्त वाईट आहे.

जावं का? खरं खरं सांगा. "मनात आणलं तर काहीही शक्य आहे" छाप प्रतिसाद कृपया नकोत, ते माझ्या टी-शर्टवर छापलेले आहेत.

जोशीबुवा_सायकलवाले
नको. एका शब्दात उत्तर हवं असेल तर एवढंच.

सविस्तर हवं असेल तर अँटन क्रुपिचकाकडे बघा. लांब केस, दाढी, उघड्या अंगाने डोंगर पळणारा अमेरिकन. २००६ आणि २००७, लागोपाठ दोन वर्षं लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत जिंकला. तीही तीन हजार मीटर उंचीवर. २०१०च्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्याच शर्यतीत सव्वापंधरा तासांत काही मिनिटांच्या फरकाने दुसरा आला, आणि त्या दिवशी पहिले दोघेही जुन्या विक्रमाच्या आत होते. सरावात आठवड्याला तीनशे किलोमीटरच्या घरात जायचा. पुढे काय? २०११ला पाय मोडला, मग नडगीने वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. दर वेळी "या वर्षी परत येणार" अशी चर्चा. शेवटी गडी सायकल, गिर्यारोहण, स्की असं सगळं करू लागला आणि त्यात रमलेला दिसतो.

ज्याचं पोट धावण्यावर चालत होतं त्यालाही शरीराचं ऐकावं लागलं. तुम्हाला कोणी पगार देत नाही. सायकल घ्या, उतारावर हाडाला धक्का नाही, आणि सिंहगड चढायची खुमखुमी तशीच भागते. मी स्वतः गुडघ्यानंतर सायकलवर आलो, एक दिवस पश्चात्ताप नाही.

पायवाट
बुवा, तुमचा पश्चात्ताप झाला नाही म्हणून सगळ्यांनी सायकली घ्यायच्या का? :)

क्रुपिचका जिंकायला पळत होता. धागाकर्त्याला बाराव्या तासाच्या आत पोचायचंय. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी ५२ वर्षांची आहे, लोणावळ्याची ५० किमी दोनदा केली, दोन्ही वेळा शेवटून मोजलं तर पटकन सापडेन अशा जागी. चालत-पळत, खात-पीत.

कॉम्रेड्सचंच उदाहरण हवं तर वॉली हेवर्ड घ्या. १९३०मध्ये एकविसाव्या वर्षी जिंकला. नंतर वीस वर्षांनी, १९५०ला परत जिंकला. १९८८ला, ऐंशीला टेकलेला असताना, पावणेदहा तासांत पूर्ण केली! मधल्या खंडाने त्याचं काही बिघडलं नाही. खंड पडणं म्हणजे संपणं नव्हे. जा, पण स्वतःच्या वेगाने जा.

जोशीबुवा_सायकलवाले
ताई, १९८९चं का गाळलंत? ऐंशीव्या वर्षी तोच हेवर्ड पुन्हा उतरला. तेव्हा मुदत अकरा तासांची होती, आणि तो १० तास ५८ मिनिटांनी, झोकांड्या खात, लोकांच्या काळजाचं पाणी करत आत आला. टाळ्या वाजवणाऱ्यांना गोष्ट मिळाली. पण थांबायचं कधी हा प्रश्न तिथेही होताच की.

अति_तिथे_माती
विमान, व्हिसा, हॉटेल, प्रवेशशुल्क, बूट, एनर्जी जेल, फिजिओ, एमआरआय. बेरीज केलीत का? त्यात कोकणात जागा येत नाही आता, पण बयाणा तरी दिला असता.

जिद्दी_जनार्दन
वरचे प्रतिसाद वाचून हसावं की रडावं कळेना. अल्बर्टो सालाझार! १९८२ला बोस्टन आणि न्यूयॉर्क या दोन्ही मॅरेथॉन जिंकला आणि मग शरीराने दगा दिला. दुखापती, आजारपणं, वर्षानुवर्षं काही नाही. लोकांनी विटून नाद सोडला. आणि १९९४ला, पस्तिसाव्या वर्षी, थेट कॉम्रेड्सला उभा राहिला आणि जिंकला. ५ तास ३८ मिनिटं! पहिल्यांदाच पळत होता ती शर्यत. भाऊ, पात्रता मॅरेथॉन ४:५०च्या आत काढा आणि नाव नोंदवा. दुखलं तर एखादी ब्रुफेन. शर्यतीच्या दिवशी सगळेच घेतात.

हाडवैरी
जनार्दनराव, सालाझारवर नंतर येऊ. आधी ती गोळी. (पेशाने फिजिओ आहे, धागाकर्त्याचा नाही.) बारा तास घाम जातोय, पाणी कमी-जास्त होतंय, स्नायूंची मोडतोड होऊन रक्तात उतरतेय, म्हणजे मूत्रपिंडावर आधीच ताण. त्यात अशी वेदनाशामक गोळी टाकणं म्हणजे चालत्या गिरणीत हात घालणं. शिवाय ज्याला हाडाचा त्रास आहे त्याला दुखणं हीच एकमेव सूचना मिळते. तीच बंद करून नव्वद किलोमीटर पळायचं? वाचणाऱ्यांपैकी कोणी हे करू नका.

सालाझार : पराक्रम खराच. पण त्या विजयानंतर त्याने दुसरं काही मोठं जिंकलं का ते बघा. आणि प्रशिक्षक म्हणून २०१९ला उत्तेजकविरोधी नियमभंगासाठी चार वर्षांची बंदी. देव्हाऱ्यात ठेवायला दुसरी मूर्ती शोधा.

आता मुद्दा. हाड कसं दुरुस्त होतं हे इथे कोणी बोलतच नाहीये. पळण्याचा भार पडला की आधी खोदणाऱ्या पेशी जुनं, थकलेलं हाड उकरून काढतात, मग भरणाऱ्या पेशी येऊन नवं भरतात. उकरायला काही आठवडे पुरतात, भरायला काही महिने लागतात. आमच्या गल्लीतल्या रस्त्यासारखंच. खड्डा एका रात्रीत, डांबर दिवाळीनंतर. या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं. आणि दम मात्र दीड-दोन महिन्यांत वाढतो. म्हणून माणूस म्हणतो "काय मस्त वाटतंय" आणि तेवढ्यात मोडतो. चार महिने दुखत नाही म्हणजे रस्ता पक्का झाला असं नाही, वर खडी पसरली आहे एवढंच.

धागाकर्त्याला दोन प्रश्न. नडगीचं फ्रॅक्चर आतल्या-मागच्या कडेला होतं की पुढच्या कडेला? आतलं-मागचं सहसा नीट जुळतं, पुढचं फार चिवट. आणि दुसरा प्रश्न : जेवता काय, कधी?

सिंहगड_उतार
दोन्ही आतल्या कडेलाच, असं रिपोर्टमध्ये आहे. जेवणाचा काय संबंध? व्यवस्थित जेवतो. शाकाहारी. प्रोटीन पावडर घेतो.

जोशीबुवा, सायकल घेतली होती. दोन महिन्यांत विकली. ट्रॅफिकमध्ये जीव मुठीत धरण्यापेक्षा स्ट्रेस फ्रॅक्चर परवडलं.

हाडवैरी
"व्यवस्थित" हे उत्तर नाही. वेळा सांगा. वजन सांगा, २०१८चं आणि आत्ताचं.

एवढं खोदून विचारतोय त्याला कारण आहे. एकाच जागी पुन्हा पुन्हा मोडलं असतं तर मी तुमचे बूट, तुमची चाल, पोटरीची ताकद बघितली असती. पावलं जरा छोटी आणि जलद टाकायला सांगितली असती. तीन वेगवेगळी हाडं मोडली आहेत. बांधकाम तीन ठिकाणी कोसळलं तर मिस्त्रीला धरायच्या आधी सिमेंट तपासावं.

पायवाट
+१. मला हे आधी सुचायला हवं होतं.

सिंहगड_उतार
ठीक आहे, लिहितो. हसू नका.

२०१८ला वजन ७४. आता ६३. उंची ५ फूट ९ इंच. लॉकडाऊनमध्ये वजन वाढायला लागलं तेव्हा उपवासाची खिडकी सुरू केली, खायचं ते फक्त दुपारी एक ते संध्याकाळी सात. पळतो पहाटे साडेपाचला, उपाशी. रविवारी २५-३० किमी पण उपाशीच, फक्त पाणी आणि मीठ. घरी येऊन कॉफी, मग ऑफिस, मग एकला डबा. ते जमतं याचा अभिमानच वाटायचा. वेग वाढला होता, हलकं वाटत होतं. २०१८ला मात्र पोहे खाऊन पळायचो, खिशात राजगिऱ्याच्या वड्या असायच्या.

लिहिताना माझ्याच लक्षात आलं. २०१८पर्यंत मला एकही फ्रॅक्चर नव्हतं.

अति_तिथे_माती
मी गंमत करत होतो वर. हे गंभीर आहे राव.

हाडवैरी
हसत नाही. आठवड्यातून तिघे येतात असे, त्यात पुरुष जास्त, कारण बायकांची पाळी चुकते तेव्हा निदान घरात कोणीतरी विचारतं. पुरुषाला असा भोंगा नसतो. ऑलिम्पिक समितीने २०१४ला याला नाव दिलं, रेड-एस. साध्या मराठीत : खर्च चालू, जमा बंद. शरीर मग जिथे लगेच बोंब होत नाही तिथली कपात करतं. हाडाची भरणी थांबते, संप्रेरकं घसरतात, झोप बिघडते, थंडी जास्त वाजते. वजन कमी झाल्याने सुरुवातीला वेग वाढतो, तोच सापळा.

डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजतात तो), ड जीवनसत्त्व, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड. हे सगळं डॉक्टरांकडून करून घ्या, माझ्या सांगण्यावरून गोळ्या सुरू करू नका. आणि उद्या पहाटे उपाशी बाहेर पडू नका.

जिद्दी_जनार्दन
म्हणजे कारण सापडलं! मग तर अडचणच नाही. खायला लागा, हाड भरेल, २०२७ पक्की.

जोशीबुवा_सायकलवाले
जनार्दनराव, कारण सापडणं आणि दुरुस्ती होणं यात वर्ष-दीड वर्ष असू शकतं. चार-पाच वर्षांची उपासमार चार महिन्यांच्या शिऱ्याने भरत नाही. पात्रतेची मॅरेथॉन, त्याआधीची लांब पल्ल्याची पळापळ, हे सगळं धरलं तर २०२७ उंबरठ्यावर आहे. माझं उत्तर अजून "नको"च आहे, फक्त आता "कधीच नको" म्हणत नाही. एवढी माघार घेतो.

पायवाट
मी उलट बाजूने माघार घेते. वर "जा" म्हणाले ते मागे. म्हणजे असं : २०२७ डोक्यातून काढा. ती शंभरावी आहे हे तुमच्या नडगीला माहीत नाही. १९२१ला पहिल्यांदा झाली तेव्हा ३४ जण पळाले आणि १६ पोचले, आणि त्या शर्यतीला नंतर शंभर वर्षांत कधी कोणाची घाई नव्हती. नंतर कधीतरी जा, पण चढणीच्या वर्षी. इंचांगा आणि पॉली शॉर्ट्‌स या चढांवर सगळेच चालतात, तुम्हीही चालाल. उतारावर प्रत्येक पाऊल ब्रेक मारत पडतं, ते या पायांना नको.

जिद्दी_जनार्दन
सगळे मिळून एका माणसाची शंभरावी बुडवताय. मी असतो तर तरीही नाव नोंदवलं असतं. नाही जमलं तर नाही गेलो, हाय काय नाय काय.

हाडवैरी
नाव नोंदवलं की माणूस "बघू" म्हणत नाही, जनार्दनराव. तारीख भिंतीवर लागते आणि मग दुखणं लपवायला सुरुवात होते. याच धाग्यात २०२२चं तिकीट बघा. जुलैत एमआरआय झाला, पण दुखायला लागलं कधी होतं?

सिंहगड_उतार
मे महिन्यात. तिकीट काढलेलं होतं म्हणून कोणाला बोललो नाही.

सिंहगड_उतार
(आठ दिवसांनी.) ड जीवनसत्त्व ११ आलंय, वीस तरी हवं होतं म्हणे. डेक्सा गुरुवारी. डॉक्टरांना खिडकीचं सांगितलं तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मी विचारलं होतं."

२०२७चं नाव नोंदवलेलं नाही. नोंदवणार नाही असंही म्हणवत नाही, जनार्दनरावांनी खूश व्हावं. आज सकाळी दोन केळी खाऊन सहा किलोमीटर पळालो. पोटात दगड घेऊन पळतोय असं वाटलं.

पायवाट
एक केळं आणि अर्धी पोळी-तूप, पाऊण तास आधी. पंधरा दिवसांत सवय होते.

जोशीबुवा_सायकलवाले
सायकल कितीला विकली होतीत?