मदत हवी आहे: महामंदीच्या काळातल्या मुलांच्या कादंबऱ्या

पुतणीला सध्या ऐतिहासिक गोष्टींचं जाम वेड लागलंय आणि आता तिला अमेरिकेतल्या १९२९ नंतरच्या महामंदीवर मुलांसाठीच्या कादंबऱ्या हव्यात, कोणी सुचवाल का? म्हणजे बँक बुडाली, बाबांची नोकरी गेली मग घरात काय काय बदलतं, पिठाच्या पोत्यांच्या कापडाचे फ्रॉक, ओक्लाहोमातली धुळीची वादळं, शेत सोडून कॅलिफोर्नियाला निघणं, असलं सगळं मुलांच्या नजरेतून. १९३३ मध्ये तिथे साधारण चारातला एक कामगार बेकार होता वगैरे मी सांगितलंय तिला, पण आकडे नकोत, माणसं हवीत. शेवटी श्रीमंत काका येऊन सगळं ठीक करतो टाइप प्लीज नको!! वय १०, इंग्रजी वाचते, मराठी अनुवाद असेल तर उत्तमच. आणि फार रडवणारं असेल तर तसं लिहा, झोपताना वाचते ती.